डब्याला बांधलेली फीत

अर्ध्या चादरी दोरीवर चढल्या होत्या, अर्ध्या अजून बादलीत होत्या, आणि मागच्या बोळातून धाकट्याने गाडीचा हॉर्न वाजवला.

आत्याने तोंडात धरलेला चिमटा काढला आणि ओरडून सांगितलं, "एवढ्या तीन टाकते आणि आलेच."

"राहू द्या ताई," म्हणत भावजय मागून आली आणि तिने बादलीच बाजूला ओढली. "तो टाकेल की."

'तो' म्हणजे भाचा. तिशीला टेकलेल्या या गृहस्थाने आजवर स्वतःचा रुमालसुद्धा दोरीवर टाकलेला कुणी पाहिला नव्हता. आत्याला हसू फुटलं. "तो टाकेल? आधी त्याला दोरी कुठेय ते दाखवून ये."

भावजय हसली नाही. एरवी लेकाची थट्टा केली की ती निदान खोटं खोटं तरी रागवायची. पण आनंदात असलेलं माणूस कोण हसलं नि कोण नाही, याचा हिशेब ठेवत नसतं. आत्याने ओले हात कपड्यांना पुसले, भिंतीवरच्या देवासमोर क्षणभर उभी राहिली आणि मनात म्हणाली, देवा, माझ्या भावाला सुबुद्धी दिलीस, तुझे उपकार. मग चपला घालून ती मागच्या दाराने बाहेर पडली.

मागच्या दाराने का, हेही तिने विचारलं नाही. धाकट्याने गाडी मागे लावली होती, म्हणून मागच्या दाराने.

धाकटा हा तिचा पाठचा भाऊ, तिच्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान. पंचावन्न वर्षांचा झाला, पोट सुटलं, तरी घरात आणि गल्लीत तो धाकटाच. एका औषधांच्या घाऊक व्यापाऱ्याची गाडी तो तीस वर्षं चालवत होता. दर मंगळवारी नदीच्या रस्त्याने वरच्या गावांपर्यंत जायचं, दवाखान्यांत खोकी टाकायची आणि संध्याकाळी परत यायचं. मंगळवारच्या जेवणाला मग नदी तोंडी लावायला असायची. आज लोखंडी पुलावरून पाणी कसं दिसत होतं, वळणावर खंड्याने मासा कसा उचलला, दोन नद्या मिळतात तिथे पाण्याचे रंग कसे वेगळे राहतात. रस्त्यात एकूण सात थांबे होते, ते त्यानेच ठरवलेले आणि त्यानेच मोजलेले. प्रत्येक वेळी शेवटी तो म्हणायचा, "ताई, एकदा तुला घेऊन जाणार. सातही दाखवणार."

आणि दर वेळी काहीतरी आडवं यायचं. त्याचं मूल लहान होतं, मग मोठं झालं, मग गाडीचं काम निघालं, मग आत्याकडे शाळेच्या गणवेशांची रास पडली. पुढे पुढे ते वाक्य 'देव तुझं भलं करो' असं जाता जाता म्हणावं तसं झालं. कुणी त्यावर विसंबत नव्हतं. त्यामुळे गेल्या आठवड्यात जेवताना धाकटा एकदम म्हणाला, "या रविवारी जायचं, मालकाकडून गाडी मागून घेतलीये," तेव्हा आत्याचा घास हातातच राहिला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अर्ध्या गल्लीला ठाऊक झालं होतं की आत्या नदी बघायला चालली.

ती गल्लीचीच आत्या होती. गेली पंचेचाळीस वर्षं घराच्या समोरच्या खोलीत तिचं शिलाईचं मशीन चालू होतं. तिचा संसार दीड वर्षाचा. त्याबद्दल ती कधी बोलली नाही आणि कुणी विचारलं नाही. एका पेटीसह माहेरी परत आली, तेव्हा वडिलांनी आईचं जुनं मशीन समोरच्या खोलीत, रस्त्याकडच्या खिडकीखाली मांडलं आणि म्हणाले, "बस इथे. उजेड चांगला आहे." पुढे ते अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांनी धाकट्याचा हात धरून सांगितलं होतं, "समोरची खोली हिची. हिचे हात चालतात तोवर तिथे दुसरं काही मांडायचं नाही." धाकट्याने देवाची शपथ घेतली होती. कागद कुणी केला नाही. भावाकडून कागद कोण करून घेतं?

त्या खोलीत मशीन होतं, कापड ठेवायचं कपाट होतं, आणि भिंतीवर नऊ खिळे होते. खिळ्यांवर फितींचे झुबके लटकलेले. नवीन माणूस आलं की त्याला वाटायचं, आत्याने चिंध्या वाळत घातल्यात. पण त्या चिंध्या म्हणजे आत्याचं सगळं दुकान. आईने शिकवलेली रीत होती ती. एखाद्याचा पहिला कपडा शिवला की उरलेल्या कापडाची बोटभर रुंद पट्टी काढायची आणि तिच्यावर त्या माणसाचं माप गाठींनी बांधायचं. टोकापासून पहिली गाठ खांद्याची, मग बाहीची, मग कमरेची, मग छातीची. कापडावरून माणूस ओळखायचं, गाठीवरून माप. हिरवे चौकडे म्हणजे डॉक्टरीणबाई. जाड तपकिरी म्हणजे पाववाला. माणूस वाढलं, सुटलं, वाळलं, की गाठ सोडून पुढे-मागे बांधायची. पन्नाशीनंतर पुष्कळ पुरुषांची कमरेची गाठ छातीच्या गाठीला ओलांडून पुढे जाते, हे आत्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं, आणि ती ते कुणालाच सांगत नव्हती. पाववाल्याची बायको एकदा म्हणाली होती, "आमच्या ह्यांचं किती वाढलं हो?" आत्या म्हणाली, "तुम्ही रोज बघता, मी वर्षातून एकदा. मला काय विचारता?"

कुणी गमतीने विचारायचं, "आत्या, फिती हरवल्या तर हो?" तर आत्या ऐटीत सांगायची, "त्या नुसत्या शोभेला. मापं सगळी डोक्यात आहेत." घरातल्यांनी हे इतक्या वेळा ऐकलं होतं की त्यांना ते खरंच वाटायचं. एके काळी ते खरं होतंही. पण गेली दोन वर्षं फीत हातात घेतल्याशिवाय आत्याला कात्री चालवता येत नव्हती. बोटं गाठीवर आली की माणूस आठवायचा. ही गोष्ट तिने फक्त देवाला सांगितली होती.

खोलीचा विषय एकदाच निघाला होता, सहा महिन्यांपूर्वी. भाचा दुसऱ्याच्या दुकानात मोबाइल दुरुस्त करायचा, त्याला स्वतःचं दुकान हवं होतं. जेवताना म्हणाला, "आत्या, तू मागे न्हाणीघराशेजारी बसलीस तर?"

"मागे उजेड नाही," आत्या म्हणाली. "आणि मागच्या दाराने गिऱ्हाईक येत नसतं रे, चोर येतो."

सगळे हसले. धाकटा हसत म्हणाला, "खोली ताईची. विषय संपला." आत्याने हे बोलणं दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला सांगितलं, तर तो कोळसे फुंकता फुंकता म्हणाला, "नाहीतर माझ्याकडे या की. माझं अर्धं दुकान रिकामं आहे. तुम्ही शिवा, मी इस्त्री फिरवतो, गिऱ्हाइकाची एक चक्कर वाचेल."

"हक्काची खोली सोडून तुमच्या दारात का बसू?" आत्या म्हणाली होती. "तुमचा धूर खायला?"

असो. तर गाडी निघाली.

पुढे धाकटा आणि त्याच्या शेजारी आत्या, मागे भावजय आणि जेवणाचा मोठा डबा. शहर संपलं, विटांच्या भट्ट्या मागे पडल्या आणि एका वळणावर नदी अचानक शेजारी येऊन चालायला लागली. आत्या काच खाली करून बसली. वारा तोंडावर येत होता. "कान गार पडतील," भावजय मागून म्हणाली. "पडू देत," आत्या म्हणाली. "पंचेचाळीस वर्षं खिडकीशी बसले, पण ही खिडकी चालती आहे."

पहिला थांबा लोखंडी पूल. मधोमध उभं राहिलं की पायाखालच्या फटींतून पाणी दिसायचं. आत्या कठड्याला घट्ट धरून खाली बघत राहिली. धाकटा म्हणाला, "भीती वाटते?" ती म्हणाली, "पुलाची नाही. याचे बोल्ट घट्ट केलेत का, त्याची वाटते." दुसरा थांबा वळणावरचा. तिथे पाणी संथ होतं, कडेला लव्हाळे दाट वाढलेले, आणि एका वाळक्या फांदीवर खरोखरच निळा खंड्या बसला होता. तीस वर्षं ज्याच्या गोष्टी ऐकल्या तो हाच, अशा ओळखीने आत्याने त्याच्याकडे बघून मान हलवली.

धाकटा घाई करत नव्हता. हे आत्याला गमतीचं वाटलं. उभ्या उभ्या चहा पिणारा माणूस तो, घरात बसून जेवला तर पाहुणा आलाय असं वाटावं. आज मात्र, "बस गं निवांत, कसली घाई आहे?" दर दहा मिनिटांनी तो खिशातून फोन काढून बघायचा आणि परत ठेवायचा.

"मालकाचा फोन येतोय का?" आत्याने विचारलं.

"नाही गं. वेळ बघतोय."

"घाई नाही म्हणतोस, मग वेळ कशाला बघतोस?"

त्यावर तो नुसता हसला.

तिसऱ्या थांब्यावर नदीत एक मोठा सपाट खडक उतरलेला होता. पाणी त्याला वळसा घालून खळाळत जायचं. जेवण इथे करायचं ठरलेलं होतं. धाकट्याने सतरंजी पसरली, भावजय पाण्याची बाटली भरायला खाली उतरली आणि आत्याने डबा पुढ्यात ओढला. जुना ॲल्युमिनियमचा डबा, झाकण नीट बसायचं नाही, म्हणून त्याला उभी-आडवी पट्टी बांधलेली. आत्याने गाठ सोडायला हात घातला, आणि बोटं थांबली.

पट्टीचं एक टोक निळं होतं. त्याला पुढे खाकी तुकडा जोडलेला, बारीक उलट टिपेने. खाकीच्या पुढे करडं कापड.

निळा तुकडा धाकट्याच्या अकराव्या वर्षीचा. शाळेचा शर्ट शिवला तेव्हा काढलेला. चौदाव्या वर्षी तो ताडमाड वाढला आणि पट्टी पुरेना, तेव्हा खाकी जोडली. करडं त्याच्या लग्नाच्या कोटाचं. कापडावर जुन्या गाठींच्या चुण्या एकापुढे एक अजून दिसत होत्या. पोरगं बोटाबोटाने मोठं होत गेलेलं. ही फीत पहिल्या खिळ्यावर सगळ्यांत आत असायची. तिच्यावर तीस-चाळीस जणांच्या फिती होत्या. त्या काढल्याशिवाय ती हाताला लागणारच नव्हती.

आत्याने डबा तसाच मांडीवर ठेवला. सगळी सकाळ तिच्या डोळ्यांपुढून उलटी गेली. मागच्या बोळातली गाडी. न हसलेली भावजय. आणि पहाटे भावजयच म्हणाली होती, "ताई, निघायच्या आधी एवढ्या चादरी धुऊन टाकता का?" म्हणजे दोन तास आत्या मागच्या अंगणात. समोरच्या खोलीचं दार तिने आज एकदाही उघडलं नव्हतं.

भावजय बाटली घेऊन वर आली. आत्याने शांतपणे विचारलं, "डबा कशाने बांधलास गं?"

"झाकण बसेना. म्हटलं, दे रे काहीतरी बांधायला. लेकाने दिली एक चिंधी." बोलता बोलताच तिच्या लक्षात आलं आणि तिने बाटली तशीच खाली ठेवली.

"धाकट्या," आत्या म्हणाली, "समोरच्या खोलीत काय चाललंय?"

धाकटा नदीकडे बघत होता. "तो बघ ताई, पलीकडे बगळे."

"बगळे बघितले. खोलीत काय चाललंय?"

त्याने चपलेच्या टोकाने एक खडा पाण्यात ढकलला. "पोराचं वय होत चाललंय ताई. त्याचं काहीतरी बसायला नको का? काचेचं काउंटर आणलंय. रंगारी आलाय. तुझं मशीन मागे नीट मांडणार आहेत, दिवा लावून देणार आहेत मोठा." मग हळू म्हणाला, "तुझ्यासमोर केलं असतं तर तू रडली असतीस. मला झेपलं नसतं."

"म्हणून मला नदी दाखवलीस."

त्याने आणखी एक खडा पाण्यात ढकलला.

"बाकीच्या फिती कुठे आहेत?"

धाकट्याने बायकोकडे बघितलं. भावजय म्हणाली, "कचऱ्याच्या गाडीत देणार होता. तुम्हीच तर म्हणता, शोभेला आहेत, मापं डोक्यात आहेत."

"कचऱ्याची गाडी किती वाजता येते?"

"अकराला."

धाकट्याच्या फोनवर पाऊण वाजला होता. आत्याने डोळे मिटले. नऊ खिळे होते आणि साडेतीनशे माणसं. डॉक्टरीणबाईंचे हिरवे चौकडे, पाववाल्याचा जाड तपकिरी, आणि आता नसलेली माणसं, ज्यांच्या फिती तिने नुसत्याच ठेवल्या होत्या, काढवत नव्हत्या म्हणून. सगळी आतापर्यंत शहराबाहेरच्या ढिगावर पोचली असणार.

"परत फिरू या का?" धाकटा म्हणाला. "आत्ता निघालो तर अडीचला घरी."

"अडीचला जाऊन काय, काउंटरला नमस्कार करू?" आत्या म्हणाली. मग त्याच आवाजात पुढे म्हणाली, "मला विचारलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं. आपण भांडलो असतो. चार दिवस बोललो नसतो. आणि मग कदाचित दिलीही असती, तुझ्याच पोराला ना. आता ते कळायची सोय राहिली नाही."

"सगळं आमच्यावर ढकलू नका ताई." भावजयीचा आवाज चिरला होता. "लग्न होऊन आल्यापासून त्या मशीनच्या खडखडाटात मी दुपारी डोळा लावला नाही. कधी बोलले का?"

"नाही बोललीस. आज बोललीस, बरं केलंस. निदान तोंडावर बोललीस." आत्याने फीत सोडून स्वतःच्या खिशात ठेवली आणि डबा उघडला. आत पाव होते, उकडलेले बटाटे, काकडी, पुडीत मीठ. "जेवा. अन्नाने काय घोडं मारलंय?"

ती स्वतःही जेवली. प्रत्येक घास चावून, सावकाश. धाकट्याचा पाव हातातच कोरडा पडला.

डबा आवरल्यावर तो गाडी शहराच्या दिशेने वळवायला लागला, तर आत्या म्हणाली, "इकडे कुठे? चार राहिलेत."

"ताई, आता कशाला."

"सात म्हणाला होतास. तीस वर्षं म्हणत होतास. एकही सोडायचा नाही."

आणि मग तो दिवस तसाच पुढे चालला. चौथा थांबा झऱ्याचा. खडकाच्या फटीतून दातांना कळ येईल इतकं गार पाणी येत होतं. आत्याने तोंड धुतलं, बराच वेळ धुतलं, आणि ओल्या तोंडानेच परत येऊन गाडीत बसली. पाचवा थांबा दोन नद्यांच्या भेटीचा. एक मातकट, एक हिरवी, आणि लांबवर दोघी एकमेकींत न मिसळता शेजारी शेजारी वाहत होत्या. मंगळवारच्या जेवणात हा थांबा आला की धाकट्याचं एक ठरलेलं वाक्य असायचं. तिघं काठावर उभी राहिली.

"इथे तू काहीतरी म्हणायचास ना जेवताना?" आत्या म्हणाली. "म्हण की."

"राहू दे ना ताई."

"म्हण."

धाकटा पाण्याकडे बघत, शाळेत उभं केलेल्या मुलासारखा म्हणाला, "ही थोरली, ही धाकटी. थोरली वाट काढते, धाकटी मागून येते."

"हां. हेच." आत्याने मान हलवली.

सहावा थांबा धबधब्याचा. उंच नव्हता, पण रुंद होता, आणि खाली तुषारांत सारखं ऊन चमकत होतं. धाकट्याने सवयीने फोन काढला. "फोटो काढू तुझा?"

"काढ. सकाळी खोलीचाही एक काढून ठेवला असतास तर बरं झालं असतं."

त्याने फोन खाली केला. फोटो निघालाच नाही.

आणि सगळ्यांत वाईट म्हणजे, ते खरंच सुंदर होतं. त्याने सांगितलं होतं त्याहून सुंदर. आत्याला मनातून वाटत होतं, निदान नदी तरी खोटी निघावी, चार डबकी नि दोन झुडपं निघावीत, म्हणजे रागाला धड एक बाजू तरी मिळेल. पण जिथे नजर टाकावी तिथे डोळे निवत होते. आणि हे सगळं तिला कशासाठी दाखवलं जातंय हे आठवलं की तेच डोळे भरून यायचे. सातव्या थांब्यावर, उंच कड्यावरच्या बाकावर ती अर्धा तास बसली. खाली नदीचं प्रत्येक वळण दिसत होतं. आपण कुठून आलो ते सगळं तिथून दिसत होतं.

धाकटा येऊन बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला. "चुकलं माझं," तो म्हणाला.

आत्या म्हणाली, "हो."

परतताना ती मागे बसली. भावजय पुढे गेली. आत्याने खिशातून फीत काढली आणि मांडीवर ठेवून एकेक गाठ सोडायला घेतली. छातीची. मग कमरेची, जी दहा वर्षांपूर्वी छातीला ओलांडून गेली होती. बाहीची गाठ जुनी, आवळलेली. तिला दात लावावा लागला. धाकटा आरशात बघत होता. ते काय चाललंय हे त्याला पुरतं ठाऊक होतं. लहानपणी प्रत्येक वर्षी तो हात पसरून उभा राहायचा आणि ताई नवी गाठ बांधायची. खांद्याची गाठ मात्र काही केल्या सुटली नाही. आत्याने ती तशीच राहू दिली.

घरी पोचले तेव्हा ऊन कललं होतं. या वेळी गाडी समोरच्या दाराशी थांबली. आता लपवायचं काही उरलं नव्हतं. खोलीला पांढरा रंग लागला होता, ओल्या रंगाचा वास रस्त्यापर्यंत येत होता. खिडकीखाली मशीनच्या जागी काचेचं काउंटर. भिंतीवरचे नऊ खिळे उपटले होते, आणि भोकं इतकी नीट बुजवली होती की आत्यालाही ती हाताने चाचपून शोधावी लागली.

भाचा हात पुसत आला. तोंडावर रंगाचे ठिपके, आणि खरोखरचा आनंद. त्याला वाटत होतं, वडिलांनी वाटेत समजावून सांगितलं असणार. "आत्या, ये ना, मागे बघ तुझी जागा कशी केलीये."

न्हाणीघराशेजारच्या बोळकंडीत मशीन होतं. वर नवा दिवा, मशीनवर नवी मोजायची टेप आणि एक कोरी वही, निळ्या पुठ्ठ्याची. "आता गाठी-बिठी नकोत," भाचा म्हणाला. "नाव लिहायचं, पुढे माप लिहायचं. एक दिवस बस, डोक्यातलं सगळं सांग, मी लिहून घेतो."

आत्याने वही उघडली. पानं गुळगुळीत होती. ती म्हणाली, "डोक्यात काही नाही रे. फितीत होतं."

भाचा हसला. त्याला वाटलं, आत्या नेहमीसारखी थट्टा करतेय. मग त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याचं हसू हळूहळू उतरलं. तो वडिलांकडे वळला. "बाबा, तुम्ही म्हणाला होतात ना, ती तयार आहे म्हणून?"

धाकटा दारातच उभा होता, हातात रिकामा डबा. आत्याने त्याच्याकडे जाऊन खिशातली फीत त्या डब्यात ठेवली आणि वर झाकण ठेवलं. "ही तुझी," एवढंच म्हणाली. झाकण नेहमीप्रमाणे बसलं नाही. कुणीच ते दाबलं नाही.

मग ती मागच्या अंगणात गेली. बादली सकाळी भावजयीने ओढून ठेवली होती तिथेच होती, आणि तिन्ही चादरी तिच्यात दिवसभर उन्हात पडून आंबल्यासारख्या झाल्या होत्या. आत्याने त्या पुन्हा खळबळल्या, पिळल्या आणि एकेक करून दोरीवर टाकल्या, कडा नीट जुळवून, चिमटे लावून.

संध्याकाळी ती देवासमोर उभी राहिली. सकाळी मानलेले आभार परत कसे घ्यायचे हे तिला कळेना. तिने थोडा वेळ विचार केला आणि ते तसेच राहू दिले. नदी तशी होती खरी. ती काही धाकट्याने केलेली नव्हती.

ते झाल्यावर तिने नव्या वहीच्या पहिल्या पानावर, कोरी ठेवली तर वाया जाईल म्हणून, उद्याची कामं लिहिली. डॉक्टरीणबाईंकडे जाऊन पुन्हा माप घ्यायचं, पाववाल्याकडे जाऊन पुन्हा माप घ्यायचं, आणि हे दोन्ही करताना फिती कुठे गेल्या ते सांगायचं नाही. पण त्याच्याही आधी, सकाळी इस्त्रीवाला कोळसे पेटवतो त्या वेळेला, कोपऱ्यावर जाऊन त्याचं अर्धं दुकान अजून रिकामं आहे का ते विचारायचं.